हार्टिगनांचा हात

बॅलीव्हॅरिग, टिपररी
९ जानेवारी २००५

प्रिय हॅना आत्या,

नाताळचं कार्ड पोचलं. मी एकसष्ट वर्षांचा झालो, गुडघा कामातून गेला, तरी तू पाकिटावर लहान मुलांना लिहितात तसं 'मास्टर डेक्लन हार्टिगन' लिहितेस आणि आमचा टपालवाला ते फाटकापासूनच मोठ्याने वाचत येतो. असो. या वेळी त्याचं चुकलं नाही, कारण मी खरोखरच मास्तर झालो आहे.

ऑक्टोबरपासून दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये मी ब्लॅकथॉर्नच्या काटेरी झुडपाच्या काठीची लढत शिकवतो. आपल्या पणजोबांच्या काळी जत्रेत दोन घराणी समोरासमोर यायची आणि काठ्यांनी डोकी फोडायची, तीच विद्या. हल्ली तिला पुन्हा दिवस आले आहेत. डब्लिनला शिबिरं भरतात, चष्मेवाले लोक तिच्यावर भाषणं देतात. मी दोन शनिवार-रविवार तिकडे जाऊन आलो आणि आल्या आल्या वस्ताद झालो. शिष्य मोजके आहेत. औषधवाला आहे, बेकरीतल्या दोघी बहिणी आहेत आणि एक जर्मन गृहस्थ आहेत. ते नाच शिकायला आले होते, चुकून आमच्या वेळेला आले आणि सभ्यपणामुळे परत जाऊ शकले नाहीत. पाचवी मेव्ह. बायको असल्यामुळे तिला पर्याय नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी क्विर्कच्या पबमध्ये कॉर्मॅक मॅग्रा भेटला. आमच्या गाईगुरांचा डॉक्टर, तिशीचा, खांदे दारात मावत नाहीत असे. तोही डब्लिनला दोन वर्षं काठी शिकला आहे. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "डेक्लन, तुम्ही शिकवता ते शिबिराचं आहे. हार्टिगनांचा हात तुमच्या वडिलांबरोबर गेला." जत्रेत आपल्यासमोर उभ्या राहणाऱ्या घराण्यातल्या मॅग्राने हे म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं? मी उठलो. जूनच्या जत्रेत पुलापासून चर्चपर्यंत कोट जमिनीवर ओढत नेईन म्हणालो, पणजोबा न्यायचे तसा. ज्याला हिंमत असेल त्याने त्यावर पाय द्यावा. सगळ्या पबने टाळ्या वाजवल्या. मी नक्की काय बोललो ते मला सकाळी मेव्हने सांगितलं.

कोटावर पाय पडला की लढावं लागतं, हे तुला मी काय सांगणार. आणि मॅग्रा पाय देणार. म्हणून हे पत्र.

टिम आजोबा गोठ्यात बाबांना घराण्याचे हात शिकवायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. बाबांनी मात्र माझ्या हातात कधी काठी दिली नाही. मी मागितली की विचारायचे, "गाय दोहून झाली का?" पबमध्ये मी हे हसण्यावारी सांगतो. खरं सांगू? मी त्या लायकीचा नाही असं त्यांना वाटलं असणार, आणि हे मला आजही टोचतं. चौदा वर्षं झाली त्यांना जाऊन, आता विचारू कुणाला? त्या घरातली तूच उरलीस. तू काय पाहिलंस ते लिही. जमेल तेवढं शिकव. टपालाने का होईना.

तुझा भाचा,
डेक्लन

ता. क. मागच्या कुंपणातला ब्लॅकथॉर्न तोडला आहे. रिवाजाप्रमाणे लोणी चोळून धुरांड्यात ठेवायचा, पण आमच्याकडे धुरांडंच उरलेलं नाही. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, चादरी उबेला ठेवतो तिथे, ठेवला. सगळ्या चादरींना खवट लोण्याचा वास येतोय आणि मेव्ह माझ्याशी मोजकं बोलते.


डॉर्चेस्टर, बॉस्टन
२७ जानेवारी २००५

प्रिय मास्टर डेक्लन,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा हसण्यासाठी आणि एकदा चष्मा लावून.

आधी तुझ्या काठीचं. जानेवारीत तोडलेलं झुडूप जूनमध्ये घेऊन लढणार? अरे, निदान एक वर्ष तरी वाळू दे. ओली काठी मॅग्राच्या डोक्यावर वाकेल आणि त्याला वाटेल तू त्याची धूळ झटकतोयस. फावड्याचा जुना दांडा घे. ॲशचं लाकूड आहे, वर्षानुवर्षं वाळलंय, आणि तुझ्या घरात फावडं फारसं वापरलं गेलं नसेल याची मला खात्री आहे.

पॅडीबद्दल विचारलंस. तुझा बाप माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मनाने मोठा. त्याने जे केलं त्याला कारण असेल. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

गोठ्यातलं मात्र सांगते. मुलींना तिथे मज्जाव होता. आमच्या आईचा नियम होता, "काठी धरणाऱ्या पोरीला नवरा आणि चर्च दोन्ही मिळत नाहीत." तेव्हा जे पाहिलं ते खिडकीतून पाहिलं असं समज.

पहिला धडा. काठी टोकाशी धरतोस ना? सगळे धरतात, म्हातारे चालायला धरतात तशी. खालून एक तृतीयांश अंतरावर धर. मुठीखालचा भाग कोपरापर्यंत हाताला लागून राहतो, ती तुझी ढाल. अंगठा मुठीत गुंडाळू नकोस, काठीच्या पाठीवर सपाट ठेव. आणि खांद्याने मारू नकोस. मनगटाने सोडायची आणि लगेच परत बोलवायची. नीट गेली तर कानाशी माशी गुणगुणल्यासारखं होतं. वाईट गेली तर काही ऐकू येत नाही, फक्त तळहाताला मुंग्या येतात.

लिहिण्याआधी खात्री करावी म्हणून मी फरशी पुसायचा दांडा घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. त्र्याऐंशीव्या वर्षी. दिवा फुटला. खालच्या मिसेस कॅपुटो झाडूने छताला ठोकायला लागल्या. त्यांचाही हात वाईट नाही. माझ्या मुलाला, फ्रँकला, मी सांगितलं की दिवा आपणहून पडला. तो आता माझे डोळे तपासून घ्यायचं म्हणतोय.

तुझी आत्या,
हॅना


बॅलीव्हॅरिग
२० फेब्रुवारी २००५

प्रिय हॅना आत्या,

फावड्याचा दांडा सापडला. तू म्हणालीस तसा अगदी कोरा निघाला.

आमची पद्धत अशी: मी बैठकीच्या मधोमध उभा राहतो, मेव्ह तुझं पत्र वाचते आणि मी करतो. पहिल्या दिवशी घड्याळ गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्याच कानशिलावर बसली, तेव्हा गुणगुण ऐकू आली, पण तू म्हणतेस ती ही नसावी. मग मेव्ह म्हणाली, "आण इकडे, तू वाच." तिने अंगठा ठेवला, मनगट सोडलं आणि आत्या, शपथेवर सांगतो, माशी गुणगुणली. मी खोलीच्या या टोकाला होतो तरी ऐकू आली. मेव्ह म्हणाली, "पीठ मळताना असंच तर करतो." आमचं लग्न होऊन छत्तीस वर्षं झाली आणि एवढा वेळ मी कुणाशी वाद घालत होतो ते मला आत्ता कळलं.

गुरुवारच्या वर्गात मी तुझा धडा 'आमच्या घराण्याची मूठ' म्हणून शिकवला. औषधवाल्याने विचारलं, "ही तुमच्या वडिलांची?" मी हो म्हणालो. मग मला राहवलं नाही. बाबांनी एका जत्रेत तिघांना कसं लोळवलं ते सांगितलं. ते कधी घडलं असं मी ऐकलेलं नाही, पण सांगताना फार बरं वाटलं. बेकरीतल्या धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ही गोष्ट गावभर झाली आहे आणि लोळवलेले पाचजण झाले आहेत.

कॉर्मॅक आला होता, आमची गाय अडली होती म्हणून. कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवलं, अगदी हळुवार, आणि दोघांनाही वाचवलं. हात धुताना म्हणाला, "मग चोवीस जूनला भेटू." मी म्हणालो, "भेटू की." गाय माझ्याकडे बघत होती. तिला माझी कीव आली असावी.

मॅग्राकडून मार खाईन याची भीती आहेच. पण त्याहून जास्त भीती वेगळी आहे. सगळा गाव बघेल आणि म्हणेल, पॅडीने पोराला शिकवलं नाही ते बरोबरच केलं. तू कारण असेल म्हणालीस. ते कारण मी होतो का, एवढंच सांग. मला राग येणार नाही. या वयात राग आला की गुडघा दुखतो.

डेक्लन


डॉर्चेस्टर
१५ मार्च २००५

प्रिय डेक्लन,

पॅडीने तिघांना लोळवलं? पॅडीने? मी पत्र टेबलावर ठेवलं आणि चहा करायला गेले. पाणी आटेपर्यंत तिथेच उभी होते.

हे थांबव, बाबा. तुझ्या बापाने कधी कुणाला लोळवलं नाही आणि त्याला ते आवडलंही नसतं.

तुला मॅटकाका आठवायचे नाहीत, तुझ्या जन्माआधीच गेले. टिम आजोबांचे मोठे भाऊ. तरुणपणी जत्रेत त्यांना काठी बसली, मॅग्रांचीच, मुठीत शिसं भरलेली. मेले नाहीत. साठ वर्षं चुलीच्या कोपऱ्यात बसून राहिले. डोक्याला एवढा खळगा होता की त्यात अंडं बसलं असतं. बोलता यायचं नाही. पॅडी सात वर्षांचा होता तेव्हा त्यांना लापशी भरवायचं काम त्याच्याकडे होतं. तो भरवताना त्यांच्याशी दिवसभरातलं सगळं बोलायचा, शाळेतलं, कुत्र्याचं. म्हणून त्या विद्येची गोष्ट तू पबमध्ये सांगतोस तशी नव्हती, हे ध्यानात ठेव. आजोबा म्हणायचे, "हे हात मारायला नाहीत, जत्रेतून चालत घरी यायला आहेत."

तू विचारलंस ते कारण तू नव्हतास. एवढं लिहिते. बाकीचं लिहायचं नाही असं मी कुणाला तरी वचन दिलंय आणि ते माणूस सोडवायला आता हयात नाही.

दुसरा धडा, पायांचा. तुझा गुडघा डावा ना? मग डावा मागे ठेव. टाचा जमिनीला टेकवायच्याच नाहीत, नाचात जसं असतं. पुढचा पाय सरकतो, मागचा त्याच्याकडे येतो, पाय एकमेकांना ओलांडत नाहीत. घागरा असेल तर तो गुडघ्यांना गुंडाळतो, म्हणून आधी पाऊल आणि मग काठी, उलट केलं की पडायला होतं. रिकामा हात छातीसमोर, उघडा.

हे सगळं मी आमच्या इमारतीच्या व्हरांड्यात करून बघितलं. मिसेस कॅपुटो वर येऊन विचारायला लागल्या, "हा कुठला व्यायाम? मला तर हाडांच्या डॉक्टरांनी असं काही सुचवलेलं नाही." आता त्या रोज सकाळी येतात. आम्ही दोघी मिळून एकशे बासष्ट वर्षांच्या आहोत आणि आमच्यापासून कुणालाच धोका नाही, कुंड्या सोडून.

हॅना आत्या


बॅलीव्हॅरिग
२ मे २००५

प्रिय आत्या,

मॅटकाकांचं वाचलं. पुढच्या गुरुवारी वर्गात सांगितलं की तिघांना लोळवल्याची गोष्ट मी रचली होती. कुणी विश्वास ठेवला नाही. औषधवाला म्हणाला, "खऱ्या मर्दांची मुलं अशीच विनयी असतात." आता मी काय करू?

तुझे पाय शिकलो. म्हणजे मेव्ह शिकली आणि मला ढकलते आहे. काल तिने माझी काठी हातातून उडवली. ती सोफ्यामागे पडली, तिथे एक चप्पल आणि गेल्या वर्षीचा पाव सापडला.

एक गंमत लिहितो. तुझं पत्र वाचता वाचता मेव्ह अचानक थांबली. म्हणाली, "खिडकीतून बघणाऱ्या बाईला काठीची गुणगुण कानाशी कशी ऐकू आली? आणि मुंग्या कुणाच्या तळहाताला आल्या? आणि डेक्लन, गोठ्यात घागरा कुणी घातला होता?" मी म्हणालो, आमच्या आत्याला कल्पनाशक्ती दांडगी आहे, तिने लहानपणी मला एका बोलणाऱ्या बकरीची गोष्ट लिहून पाठवली होती. मेव्ह 'हं' म्हणाली. बायकोचं 'हं' कसं असतं ते तुला माहीत आहे.

जत्रा जवळ आली. क्विर्कच्या पबमध्ये पैजा लागल्यात असं ऐकतो. माझ्या बाजूने फक्त जर्मन गृहस्थ आहेत आणि त्यांना नियम नीट कळलेले नाहीत. झोप उडाली आहे. तिसरा धडा लवकर पाठव. शेवटचा, जो आजोबा सर्वांत शेवटी शिकवत असतील तो.

डेक्लन


डॉर्चेस्टर
२० मे २००५

प्रिय डेक्लन,

शेवटचा धडा पत्रात मावत नाही. मी चारदा लिहून फाडला.

कंबर धरली आहे, जास्त बसवत नाही. फ्रँक म्हणतो विश्रांती घे. घेते आहे. तू घाबरू नकोस. कोट मात्र जुना घे, चांगल्या कोटाचा चिखल निघत नाही. आणि ओरडताना नाव मोठ्याने घे. पुटपुटणारा हार्टिगन मला चालायचा नाही.

मेव्हला माझं प्रेम सांग. म्हणावं, तुझं 'हं' मला इथपर्यंत ऐकू आलं.

हॅना


बॅलीव्हॅरिग
१० जुलै २००५

प्रिय हॅना आत्या,

फ्रँकचा फोन आला, सुखरूप पोचलीस. कंबर खरंच धरली होती की तेही पत्रापुरतंच होतं, हे मी विचारणार नाही.

तू इथे आठवडाभर होतीस. रोज मी तुला एक प्रश्न विचारायला जायचो आणि रोज तू चहा मागायचीस, नाहीतर कुणाच्या तरी थडग्यावर फुलं न्यायला निघायचीस. तोंडावर तुझ्यापुढे माझं काही चालत नाही. म्हणून पुन्हा कागद घेतला. पण आधी चोवीस तारखेचं लिहितो. तुला वाटतं तू सगळं पाहिलंस, पण तुझा चष्मा फ्रँकच्या खिशात होता आणि तू देणाऱ्या बाजूला होतीस. घेणाऱ्या बाजूने कसं दिसलं ते ऐक.

पुलावर मी जुना रेनकोट काढला, बाहीला धरला आणि ओढत निघालो. "हार्टिगन आलाय, कोण देतो पाय?" पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. एक कुत्रा कोटावर बसला, ते पाय देणं म्हणून मोजायचं की नाही यावर दोन म्हाताऱ्यांत वाद झाला. बटाट्याच्या फोडी तळणाऱ्या गाडीपर्यंत पोचलो आणि समोर कॉर्मॅक. त्याने जाकीट काढून आईकडे दिलं. त्याने पाय उचलला. मी मनात म्हणालो, बाबा, आता बघा किंवा नका बघू.

आणि कोटावर एक काळा बूट पडला, नाडीचा, चर्चला घालतात तसा. त्या बुटात तू होतीस. टॅक्सीचं दार अजून उघडंच होतं आणि फ्रँक दोन्ही हातांत बॅगा घेऊन पुतळ्यासारखा उभा होता.

"पाय पडलाय की नाही?" तू विचारलंस.

"आत्या, बाजूला हो," मी म्हणालो.

"आत्या बॉस्टनला आहे. ही हॅना हार्टिगन आहे."

मग तू कॉर्मॅककडे वळलीस. तो एक पाय हवेत घेऊन तसाच उभा होता. "पाय खाली ठेव मुला, अवघडेल. एका कोटावर एकदाच पाय पडतो. आणि तुझी काठी जरा दे." त्याने दिली. काय करणार? तू ती हातात तोलून बघितलीस आणि म्हणालीस, "मॅग्रांना काठी निवडता येते, एवढं मान्य करायला हवं." त्याची आई लाजली, आत्या. तीनशे माणसांत लाजली.

पुरुषाने बाईवर काठी उगारायची नाही, फक्त अडवायची, हा रिवाज आहे. मला वाटलं, सुटलो, त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला अडवायचं म्हणजे काय मोठं. पहिला कधी आला ते दिसलंच नाही. कोपरावर टिचकी बसली आणि हात मेला. टोपी गेली. मी तू शिकवलेली ढाल धरली, तर तू त्याच ढालीच्या खालून आलीस आणि माझा फावड्याचा दांडा थेट त्या गाडीच्या खिडकीतून आत गेला. गाडीवाला म्हणाला, "मीठ की व्हिनेगर?" अख्खी जत्रा हसली. तू पायरीवर बसलीस, धापा टाकत हसत होतीस, केस सुटले होते, आणि सतरा वर्षांची दिसत होतीस. मला रडू आलं. लोकांना वाटलं गुडघ्यामुळे. तसंच वाटू दे.

कॉर्मॅक टोपी काढून पुढे आला. "बाई, हा हात मी कुठल्याच शिबिरात पाहिला नाही. कुणी शिकवला?" तू म्हणालीस, "चहा मिळेल का कुठे?"

मलाही तेच विचारायचं आहे. इथे चहा मागून चालणार नाही. खिडकीतून बघणाऱ्याचं मनगट असं फिरत नाही. खरं काय ते लिही. तू वचन दिलंस ते माणूस बाबा होते ना? मी त्यांचा मुलगा आहे. ते नसताना त्यांच्या वतीने मी तुला वचनातून सोडवतो. असा अधिकार मला आहे की नाही, फादरना विचारलेलं नाही.

डेक्लन


डॉर्चेस्टर
२५ जुलै २००५

प्रिय डेक्लन,

सोडवलंस ते बरं केलंस. पासष्ट वर्षांहून जास्त झाली, आता गाठ मलाही सुटत नव्हती.

तुझ्या आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. संध्याकाळी गोठ्यात त्यांना फक्त आकार दिसायचा. पॅडी चौदाचा झाला तेव्हा त्यांनी त्याला उभं केलं, घराण्यात मुलगा तो एकच. पहिल्याच दिवशी त्याने काठी उचलली आणि त्याला उलटी झाली. त्याच्या डोळ्यांपुढे मॅटकाका होते. आजोबांना वाटलं जेवण बाधलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला कोपऱ्यात गाठलं. "हॅना, तू जा. माझी टोपी घाल, माझं जाकीट घाल. तुला हवंय ते, मला माहीत आहे." मला हवंच होतं. आजोबा एकटे सराव करायचे ते मी खिडकीतून बघायचे हे खरं, पण ते फक्त आदल्या दिवशीपर्यंत. तीन हिवाळे मी पॅडी होऊन शिकले. घागरा वर खोचून, त्याच्या जाकिटात. तो बाहेर गोठ्याच्या दारात बसून माउथ ऑर्गन वाजवायचा. आई अंगणात आली की चाल बदलायची, मी कडब्यामागे जायचे आणि तो धापा टाकत आत यायचा. त्याला धापा छान टाकता यायच्या. आजोबा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "आज मनगट जमलं, पोरा." तो लाल व्हायचा. गावाला वाटलं, लाजरा आहे. तो कधी बढाई मारायचा नाही, गप्प बसायचा, आणि गप्प बसणाऱ्याला गाव वस्तादच समजतं.

आईला कळू नये म्हणून आम्ही एकमेकांना वचन दिलं. आई गेल्यावरही त्याने ते मोडलं नाही. तो म्हणायचा, ती गोष्ट हॅनाची आहे.

म्हणून तुला शिकवलं नाही, डेक्लन. लायकीचा काही संबंधच नव्हता. त्याच्याकडे द्यायला काही नव्हतंच. तू पहिल्यांदा काठी मागितलीस तेव्हा त्याने मला लिहिलं होतं, मला पाठ आहे: "आज पोराने विचारलं. त्याला गाय दोहायला पाठवलं आणि मी गोठ्यामागे जाऊन बसलो. काय सांगू त्याला, हॅना? त्याला वाटतं बाप शूर आहे."

आणि आजोबांचं. मी अमेरिकेला निघाले त्या सकाळी त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याने मनगट चाचपलं, कितीतरी वेळ. मग म्हणाले, "हॅना, पॅडीला सांग, अमेरिकेत मनगटाची काळजी घे."

पॅडी माझ्या शेजारीच उभा होता. तो कुठेही जाणार नव्हता.

हॅना


बॅलीव्हॅरिग
१८ सप्टेंबर २००५

प्रिय हॅना आत्या,

पत्र मी मेव्हला वाचायला दिलं. मला मोठ्याने वाचवेना. ती शेवटपर्यंत आली आणि 'हं' सुद्धा म्हणाली नाही.

वर्गात सगळं खरं सांगितलं. या वेळी विश्वास ठेवला, कारण सगळ्यांनी तुला पाहिलं आहे. वर्ग वाढला आहे. कॉर्मॅक येतो, त्याची आईही येते, बेकरीतल्या बहिणींनी चुलत बहिणी आणल्या. शिकवते मेव्ह. मी दोन आठवडे तिच्या शेजारी उभा राहून मान हलवत होतो, मग तिने मला प्रेमाने सांगितलं की मी वाटेत येतो.

तेव्हापासून दारात स्टूल टाकून बसतो. उशिरा येणाऱ्यांना आत घेतो, चहाचं बघतो, फादर आले की जरा मोठ्याने खोकतो. माउथ ऑर्गन मला येत नाही. गेल्या गुरुवारी कॉर्मॅकने विचारलं, "डेक्लन, तुम्ही आत का येत नाही? घराणं तुमचं."

मी म्हणालो, "आमच्या घराण्यात एकाने दारात बसायचं असतं."

आतून मेव्हच्या काठीची गुणगुण येत होती. आयुष्यभर मला वाटायचं की बाबांचं काही माझ्यात उतरलं नाही. आत्या, हे मला छान जमतं.

तुझा,
डेक्लन